म्हैस काळी निघाली पाहिजे

तुमच्या घरातल्या मुलीचा स्थळांना पाठवलेला फोटो तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? आणि पाहिला असेल तर खरं सांगा, त्यातली मुलगी तुमच्या ओळखीची होती का?

हा प्रश्न मी पत्रकात छापला असता तर त्याखाली तीन उद्गारचिन्हं दिली असती. मी पत्रकांवर वाढले. इचलकरंजीत माझे वडील यंत्रमागावर काम करायचे आणि पाळी सुटली की कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. वाटून उरलेली पत्रकं आई फडताळात अंथरायची. गुलाबी, पिवळी, पोपटी. डाळीच्या डब्यांखाली ‘कामगार बंधू-भगिनींनो’ असायचं आणि लोणच्याच्या बरणीखाली ‘जाहीर निषेध’. अक्षरं मी तिथंच शिकले. त्यामुळे जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात असं मला बरीच वर्षं वाटायचं, जाहीर करायच्या आणि निषेध करायच्या.

कॅमेराही मी पत्रकांसाठीच घेतला. मागाच्या शेडमध्ये फोनवर काढलेले फोटो छापल्यावर नुसते काळे डाग दिसायचे. बायका सुताच्या कांड्या भरताहेत की भांडताहेत, कळायचं नाही. म्हणून कोल्हापुरात नोकरीला लागल्यावर एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. त्यावर इतकी बटणं होती की मला त्याची भीतीच वाटली. वरच्या चाकावर एक हिरवी खूण होती. ती लावली की कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवतो, एवढंच मला दुकानदारानं सांगितलं होतं. सहा महिने मी ती खूण हलवली नाही.

शिवाजी पेठेत मी ज्या खोलीत राहायचे तिच्या खालीच एक फोटो स्टुडिओ होता. तो चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. माहेर सीमेकडचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर भस्म, साडीच्या निऱ्यांत लेन्स पुसायचं फडकं खोचलेलं. फोटो काढताना अक्का कानडीत मोजायची, “ओंदु, एरडु, मूरु.” एक, दोन, तीन. गंमत अशी की बटण ती दोनलाच दाबायची. तीनसाठी माणूस तोंड तयार करतो आणि दोनला अजून तो स्वतःच असतो, असं तिचं म्हणणं. पेठेतल्या फुटबॉल संघांना हे माहीत होतं, तरी दर वर्षी अकराच्या अकरा जण दोनलाच सापडायचे.

मी जिन्यावर बसून भिंतीचे फोटो काढते आहे हे तिनं चारपाच वेळा पाहिलं आणि एका रविवारी म्हणाली, “काय गं, भिंतीचं लगीन ठरलंय व्हय?”

“शिकायलेय.”

“भिंतीकडनं शिकून भिंतच होशील. खाली ये.”

अशी माझी शाळा सुरू झाली. तिनं पहिल्याच दिवशी चाकावरची हिरवी खूण हलवली. मला वाटलं, आता आकडे पाठ करायला लावणार. तिनं मला दारात उभं केलं आणि आपला तळहात फिरवून दाखवला. दाराकडे, भिंतीकडे, छताकडे. “हातावर उजेड कुठं जास्त पडतोय, कुठं कमी, ते सांग.” पंधरा दिवस एवढंच. कॅमेरा गळ्यात, पण बटणाला हात लावायचा नाही. मला राग यायचा. पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागत, आणि इथं मी पंधरा दिवस एका बाईचा तळहात बघत होते.

मग दिवाळी आली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजतात. अंगावरचे केस काढून, तेल चोळून त्यांचं अंग असं काळं चमकवतात की त्यात आकाश दिसावं. शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं, कपाळावर मोरपिसं. मालक मोटारसायकल रेस करत पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या आवाजावर मागून धावते. आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला एका गवळ्याचा गोठा होता. त्याची म्हैस या कामात पेठेत नावाजलेली. त्यानं अक्काला फोटोसाठी बोलावलं होतं. अक्कानं मला पुढं केलं.

मी धडाधडा चाळीस फोटो काढले. संध्याकाळी गवळी ते बघायला स्टुडिओत आला. कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभा राहिला, आणि त्याचा चेहराच पडला.

“ही कुनाची म्हस?”

“तुमचीच की,” मी म्हणाले.

“माझी? ही? ए बाई, ही म्हस हाय का अंगाला राख फासल्याला गोसावी? सकाळपासनं एक डबा त्याल जिरवलंय तिच्या अंगात. काळीभोर, कोळशावानी हाय माझी म्हस. तू तिला गाढव करून ठेवलीस!”

खरंच, पडद्यावरची म्हैस राखाडी होती. मोरपिसं फिकी, मागचं आभाळ पांढरंफटक. मी कॅमेऱ्याला दोष दिला. अक्का हसली.

“कॅमेरा खोटं बोलत न्हाय. त्याला एकच रंग म्हाईत हाय, मधला. ना काळा ना पांढरा. काळं पुढं आलं की त्याला वाटतं अंधार पडलाय, मग ते उजळ करतंय. पांढरं पुढं आलं की त्याला वाटतं डोळं दिपलं, मग ते काळवंडतंय. समद्यांना एकाच मापानं मोजतंय. त्याला सांगाय लागतंय, बाबा, ही म्हस काळीच हाय, काळीच ऱ्हाऊ दे.”

तिनं एका बटणावर माझं बोट ठेवलं. अधिक म्हणजे उजळ, उणे म्हणजे गडद. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोठ्यात गेलो, मी उणे एकवर काटा आणला आणि पुन्हा फोटो काढला. म्हैस काळी निघाली. नुसती काळी नाही, पाठीवर तेलाची एक निळी रेघ, डोळ्यात दाराचा चौकोन. गवळ्यानं कॅमेरा माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

“हां! आता दिसली. बघ की कसली दिसतीया! असा रंग पंचक्रोशीत न्हाय.”

मला त्या दिवशी जो आनंद झाला तो पत्रकाच्या हजार प्रती खपल्यावरही झाला नव्हता. खोलीवर जाऊन मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, काळं असेल तर उणे. नियम सापडला की मला फार बरं वाटतं. ही माझी घरची सवय.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नांचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी तोच गवळी पुन्हा स्टुडिओत आला. या वेळी बरोबर त्याची मुलगी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, कोडोलीकडच्या एका दूध संस्थेत संकलनावर कामाला. सकाळी गवळी-शेतकरी दूध घेऊन येतात, त्यातला नमुना घेऊन फॅट लावायचं, म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजायचं काम तिचं. स्कूटरवरून तशीच आली होती, हेल्मेट हातात.

“अक्का, हिचा फोटो पायजे. स्थळ आलंय चांगलं. मागच्या टायमाला केलता तसा करा, जरा उजळ.”

“मागच्यासारखा नको,” मुलगी दारातूनच म्हणाली.

“का? चांगला आलता की!”

“चांगला आलता, पर माझा न्हवता.”

मग तिनं जे घडलं होतं ते सांगितलं. बापाला ते माहीत होतं, सांगणं आमच्यासाठी होतं. दीड वर्षापूर्वी याच स्टुडिओत तिचा फोटो निघाला. फोटो बघून पाहुणे आले. ती पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं फोनमध्ये बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत फोनमध्ये बघितलं आणि तिच्या आईला विचारलं, “धाकटी हाय काय हिला कोण?”

“धाकटी कोन न्हाय हो, म्हटलं. फोटूत हाय ती मीच. तर बाई म्हनली, असं व्हय. आनि पोहे खाल्ले आनि गेले.” तिनं हेल्मेट बाकावर ठेवलं. “पोहे मातुर समदे खाल्ले.”

अक्कानं कॉम्प्युटर चालू केला. बराच वेळ शोधून तिनं तो दीड वर्षापूर्वीचा फोटो काढला. दोन होते. एक काढलेला, एक केलेला. केलेल्यात चेहरा खडूसारखा, नाकाची कड गेलेली, डाव्या भुवईवरचा एक व्रण पुसलेला.

“हे मी केलंय,” अक्का म्हणाली. “माझ्याच हातानं. पूर्वी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं करत हुतो, आता माउसनं. सासऱ्यांनी शिकवलतं. किती पोरी गोऱ्या केल्या, मोजदाद न्हाय. पोहे खाऊन किती घरनं उठून गेले ते मला कुनी येऊन सांगितलंच न्हाय. आज कळलं.”

मी कितीतरी सभांना गेले आहे. चूक दुसऱ्याची असेल तेव्हा माणसं किती सुंदर बोलतात ते मला ठाऊक आहे. आपली चूक आपल्याच गिऱ्हाइकासमोर, आपल्याच दुकानात, पडद्यावर मोठी करून दाखवणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गवळ्याला मात्र ते झेपलं नाही. “तुमी कशाला वाईट वाटून घेतायसा? समदेच करत्यात. आपला साधा आनि त्यांचा उजळ, मग आपल्या पोरीला कोण बघाय येनार?”

“दिवाळीत म्हस काळी निघाली न्हाय म्हणून दुकान डोक्यावर घेतलतं तुमी,” अक्का म्हणाली. “म्हस काळी पायजे आनि पोरगी गोरी व्हय?”

“म्हशीची गोष्ट येगळी हाय.”

“येगळी कशी? म्हस बघाय आलेला कुठला पावणा म्हनला काय कधी, जरा उजळ असती तर नेली असती?”

मुलगी हसली, पण तिचं म्हणणं तिनं सोडलं नाही. “बाबा, कुनी दुधात पानी घातलं तर मी फॅट लावून धरतो की न्हाय? तोंडावर सांगतो की न्हाय? मग माझ्याच फोटोत पानी घालून मी कसा पाठवू? एकदा घातलं. माप लागलं. आता न्हाय.” आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. तिच्या तोंडी ते शोभत होतं.

“बरं,” गवळी म्हणाला. “आहे तसा काढा. पर वाईट निघाला तर मग मी म्हनीन तसं. कबूल?”

“कबूल,” मुलगी म्हणाली.

आणि अक्कानं कॅमेरा माझ्या हातात दिला. “तू काढ. माझा हात हिच्याशी एकदा खोटं बोललाय.”

मी किती तयार होते म्हणून सांगू! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा लिहून झाला होता. मी तिला स्टूलवर बसवलं, मागं नेहमीचा पांढरा पडदा ओढला, कारण स्थळांना पाठवायचे फोटो पांढऱ्यावरच काढतात. मग वहीतला नियम आठवला. काळं असेल तर उणे. काटा उणे एकवर आणला. ओंदु, एरडु.

फोटोत पडदा मळका आणि त्यापुढं एक काळा डाग. डोळे नाहीत, ओठ नाहीत. मागाच्या शेडमधल्या माझ्या बायकांसारखा.

“बघा!” गवळी उठलाच. “म्हनून म्हनतोय मी! बघा तुमचं आहे तसं!”

मुलीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःला बघितलं आणि हेल्मेट उचललं. पुन्हा कोणी समोर बसून फोन आणि चेहरा ताडून पाहणार, पुन्हा पोहे खाल्ले जाणार, आणि या वेळी ते माझ्यामुळे.

अक्कानं कॅमेऱ्याचा काटा बघितला. आणि मग असं हसली की बाहेरच्या बाकावरचे दोघं आत डोकावले.

“अगं, म्हशीचं गणित हिला लावलंस व्हय?”

मी रंग बघितला होता. उजेड बघितलाच नव्हता. म्हैस सगळ्या चौकटीत काळी होती म्हणून कॅमेरा फसला होता. इथं चौकटभर पांढरा पडदा होता. त्याला डोळे दिपल्यासारखं वाटलं, त्यानं सगळं काळवंडलं, आणि वरून मी आणखी एक घर काळं केलं. पण चूक एवढीच नव्हती. मुलगी दारातून आत आली तेव्हाच माझ्या बोटानं ठरवलं होतं, काळी म्हणजे उणे. गोऱ्या रंगाच्या वेडाविरुद्ध मी दोन पत्रकं लिहिली होती. ती दोन्ही माझ्या बोटानं वाचलेली नव्हती.

“तुला राग आला काय?” मी मुलीला विचारलं.

“न्हाय गं,” ती म्हणाली. तिलाही हसू आलं होतं. “म्हस चांगली निघालती की. तिच्यापरमानं तरी काढायचास.” हेल्मेट परत बाकावर गेलं.

“स्वल्प थांबा,” अक्का म्हणाली. ‘जरा’साठी ती नेहमी कानडीच वापरायची. तिनं पांढरा पडदा बाजूला सारला आणि मागं गडद हिरवा ओढला. छतावरचा दिवा बंद केला. रस्त्याकडचं दार पूर्ण उघडलं. हिवाळ्यातला दुपारचा उजेड समोरच्या घराच्या भिंतीवर आपटून मऊ होऊन आत येत होता. स्टूल ओढून तिनं मुलीला दाराकडे तिरकं बसवलं आणि आपला तळहात उलटा करून तिच्या गालाशेजारी धरला.

“हितनं मोज. माझा हात हिच्याच रंगाचा हाय. हातावर बरोबर आलं की तोंडावर बरोबर येतंय. आता मशीनचं ऐकू नको, हाताचं ऐक.”

पंधरा दिवस मी तो हात का बघत होते ते मला तेव्हा कळलं.

मी हातावरून उजेड मोजला. काटा शून्यावर. हात बाजूला झाला. मुलगी ताठ बसली होती, पोह्यांची ताटली धरल्यासारखी.

“आज सकाळी पानी घातल्यालं कुनाचं सापडलं काय?” अक्कानं विचारलं.

“सापडलं की! कोण म्हाईत हाय काय, त्यो...”

“ओंदु, एरडु.”

मी दाबलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती आली. तिचा रंग काळा म्हणावा असा नव्हता, गोरा तर नव्हताच. भाजलेल्या विटेचा असतो तसा, कपाळावर थोडा उजळ, गळ्याकडे गडद. गालाच्या हाडावर दाराचा उजेड. डोळ्यात एका लबाड माणसाला पकडल्याचा आनंद. आणि डाव्या भुवईवर तो व्रण, पांढरट, अर्ध्या इंचाचा.

ती बापाकडे बघत राहिली. गवळी पडद्याजवळ गेला, अगदी तसाच जसा म्हशीच्या फोटोजवळ गेला होता.

“हे रेडकानं मारल्यालं न्हवं?” त्यानं व्रणावर बोट ठेवलं. “तिसरीत हुतीस. मीच सोडलतं ते रेडकू.”

“व्हय.”

“मागच्या फोटूत दिसत न्हवतं हे.”

“पुसलतं मी,” अक्का म्हणाली. “पुसायचं काय आताबी?”

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. मग दारापर्यंत जाऊन परत आला. “तिच्या आईवानी दिसाय लागलीया. ऱ्हाऊ दे तसाच.”

त्या फोटोवर मी जीव टाकला हे कबूल करायला हवं. मुलगी निघताना मी तिला थांबवून म्हटलं की मला हा फोटो पत्रकात छापायचा आहे, खाली फक्त एक ओळ, ‘हाच माझा रंग’. मला वाटलं, ती खूश होईल.

“नको,” ती म्हणाली. “त्या पोहे खाल्ल्याल्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघून काय वाचायचं ते वाचलं. आता तू माझ्या तोंडाखाली लिहिणार. मला कुनाचं उदाहरण व्हायचं न्हाय गं. मला फोटो पायजे हुता. मिळाला.”

अक्कानं तो फोटो तिच्या फोनवर पाठवला आणि मला तो कॅमेऱ्यातून पुसून टाकायला सांगितलं. मी पुसला. आतून रडू येत होतं, पण पुसला. गोष्ट लिहू का असं मात्र मी मुलीला बऱ्याच दिवसांनी विचारलं. “लिही. फोटो लावू नको, नावबी नको,” एवढीच तिची अट होती. ती मी पाळते आहे, आणि तिच्यासाठी म्हणून इतर कोणाचंही नाव लिहीत नाही.

ते स्थळ आलं. पाहुणे पोचले तेव्हा ती अजून संस्थेतून यायची होती. गवळ्यानं मला हे नंतर तीन वेळा सांगितलं. तिनं दारात स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, आणि मुलाची आई ओट्यावरूनच म्हणाली, “ही काय, आलीच की!” फोन बाहेर निघालाच नाही. लग्न जमलं नाही. मुलगा म्हणाला, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. तिनं नको म्हणून सांगितलं. पण ती जी होती तिलाच बघायला लोक आले होते आणि नकार तिनं दिला होता. गवळी हे सांगताना कुरकुरतो, पण सांगतो अगदी म्हशीच्या रंगाचं कौतुक करतो त्याच आवाजात.

अक्कानं त्यानंतर कॉम्प्युटरमधलं ते उजळ करायचं काम बंद केलं. पाटी वगैरे लावली नाही. कोणी मागितलं तर म्हणते, “बसा की, आधी एक काढून बघू,” आणि हिरवा पडदा ओढते. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. बरीचशी स्वतःचा चेहरा कॉम्प्युटरवर बघून तोच फोटो घेऊन जातात. मी वहीतला तो नियम खोडून टाकला आहे. मागाच्या शेडमधल्या बायकांचे फोटो आता मी दारातल्या उजेडात काढते, आणि आधी त्यांना दाखवते. पत्रकात काय जाईल ते त्या ठरवतात. माझी काही पत्रकं त्यामुळे बिनफोटोची गेली.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या घरात जिला उद्या फोटो पाठवायला सांगणार आहात, तिला आज दुपारी दारातल्या उजेडात बसवा. मागचा पांढरा पडदा काढा. फोनमधलं चेहरा उजळ करणारं बटण बंद करा. तिच्या गालाशेजारी आपला हात धरून उजेड बघा, तिच्याशी तिच्या कामाचं काहीतरी बोला, आणि दोनला फोटो काढा. मग तो आधी तिला दाखवा. “ही मीच,” असं ती म्हणाली तरच तो घराबाहेर पाठवा.